विनंती आल्याशिवाय

इंग्वे आपल्या सख्ख्या बहिणीला भर रस्त्यात, दहा माणसांसमोर 'गद्दार' म्हणाला, तेव्हा दोघंही पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी होती. मारितने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, ट्रकच्या पायरीवर ठेवलं आणि म्हणाली, "हे घे. आता बोल."

पण गोष्ट तिथवर कशी आली ते आधी सांगायला हवं.

दूर उत्तरेतलं हारसेले गाव तसं नखाएवढं. एक शाळा, एक दुकान, एक पेट्रोलपंप, आणि चहूकडे हवं तेवढं जंगल. इंग्वे तिथल्या अग्निशमन केंद्राचा प्रमुख. पगारी पूर्णवेळ असा तिथे कुणीच नव्हता. इंग्वे एरवी लोकांच्या घरचे नळ आणि बॉयलर दुरुस्त करायचा आणि कमरेचा पेजर वाजला की हातातला पाना टाकून पळायचा. त्याच्या हाताखाली अशीच अर्धवेळ माणसं होती.

गावातलं सैन्य म्हणजे होमगार्डची तुकडी. खरी पलटण खूप दूर, किनाऱ्याकडे. इथे सैन्य म्हणून जे काही होतं ते तोरन्यीच्या हाताखाली, आणि तोरन्यी शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायचा. सैन्याशी करार करायचा, वर्षातून काही दिवस हिरवा गणवेश चढवून सराव करायचा, आणि बाकीच्या दिवशी बोलावणं येईल तेव्हा हजर व्हायचं, अशी ती व्यवस्था. बंदूकवाले तुकडीचे स्वतःचे. गाड्या चालवणारे वाहनचालकांच्या स्वयंसेवी संघटनेतून यायचे, रांधणाऱ्या बायका लोट्टांच्या, म्हणजे सैन्याला मदत करणाऱ्या स्वयंसेविकांच्या, संघटनेतून, कुत्रेवाले कुत्र्यांच्या क्लबातून. प्रत्येकाची संघटना वेगळी, शिक्षण वेगळं, पण गोळा होऊन उभे राहायचे ते तोरन्यीसमोर.

अडचण एवढीच होती की माणसं तीच होती. ओर्यान अग्निशमनात होता आणि होमगार्डातही. जिल्हा दवाखान्यातली परिचारिका दोन्हीकडे होती. दुकानदार दोन्हीकडे होता. मारित दोन्हीकडे होती. दरवर्षी इंग्वे आपल्या वरिष्ठांना छातीठोकपणे कळवायचा की माणसं पुरेशी आहेत, आणि तोरन्यीही आपल्या वरिष्ठांना तेच कळवायचा. सरकारदरबारी हारसेलेत दुप्पट लोकवस्ती होती म्हणा ना. होमगार्डाचं जेवण रांधणारी गुन-ब्रिट म्हणायची, "युद्ध आलं की पहिल्यांदा ओर्यानला मधोमध कापायचा. वरचा अर्धा इंग्वेला, खालचा तोरन्यीला. खालचा तरी नीट चालतो."

दोन समजूतदार माणसांनी कॉफी पीत बसून हा गुंता एका दुपारी सोडवला असता. पण इंग्वे आणि तोरन्यी यांच्यात विस्तव जात नव्हता. तोरन्यी आठ वर्षांपूर्वीपर्यंत मारितचा नवरा होता. संसार मोडला तो दोघांच्या संमतीने, भांडीकुंडी न फोडता. मारितला त्याचा राग नव्हता, कंटाळा होता. राग धरला तो इंग्वेने. त्याने त्याच वर्षी तोरन्यीला एल्कच्या, म्हणजे मोठ्या हरणाच्या, शिकारीच्या टोळीतून काढून टाकलं. इकडे उत्तरेत माणसाला याहून मोठा अपमान करता येत नाही. तोरन्यीचा आजा त्या टोळीत होता, बाप होता. सप्टेंबरात अख्खं गाव जंगलात जायचं आणि तोरन्यी शाळेच्या खिडकीतून बघत बसायचा. त्याने उट्टं काढलं ते एका संयुक्त सरावाच्या वेळी. जिल्ह्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर तो म्हणाला, "हारसेलेचं अग्निशमन केंद्र चांगलं आहे. आग दुपारी लागली आणि इंग्वेला वेळ असला तर." तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

मारित लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवून पोट भरायची. चाकं असलेलं काहीही तिला चालवता यायचं, आणि चाकं नसलेलंही. होमगार्डाची पट्ट्यांची गाडी होती, म्हणजे रबरी पट्ट्यांवर धावणारे दोन डबे एकामागे एक जोडलेले. बर्फातून जाते, दलदलीतून जाते, वेळ पडली तर पाण्यावर तरंगते. ती चालवायचं शिक्षण आणि परवाना हारसेलेत एकट्या मारितकडे होता. दोन्हीकडे सही करताना तिने दोघांनाही स्पष्ट विचारलं होतं, "दोघांनी एकदम बोलावलं तर?"

इंग्वे म्हणाला होता, "तो सोडेल तुला."

तोरन्यी म्हणाला होता, "तो सोडेल तुला."

त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीला डोंगरात अचानक उन्हाळा झाला, आणि वितळत्या बर्फावर पाऊस पडला. लान्सोन नदी दोन दिवसांत रस्त्याला भिडली. तिसऱ्या दिवशी पहाटे गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पाणी शिरायला लागलं. पिण्याचं पाणी गढूळ झालं असतं तर दवाखाना, वृद्धाश्रम, शाळा, सगळंच अडकलं असतं. इंग्वेने सगळ्यांचे पेजर वाजवले. मारित पहाटेपासून मोठ्या ट्रकमधून वाळू आणत होती आणि बाकीचे पोत्यांची भिंत रचत होते. काम चोख चाललं होतं. इंग्वेला काम येत होतं, हे त्याच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं.

दहाच्या सुमाराला घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची काळजी घेणारी मुलगी आपली छोटी गाडी घेऊन तिथे आली. ती चिखलाने माखली होती.

"क्रोकमीरचा रस्ता गेला," ती म्हणाली. "ओढ्यावरचा पाइप उखडला, आणि रस्ता मध्येच तुटलाय. मी पलीकडे जाऊ शकत नाही. हिल्डुरच्या मनगटावरची मदतीची घंटा वाजली होती. फोनवर बोलली ती. पडली म्हणाली, कंबर दुखतेय, आणि स्वयंपाकघरात पाणी आलंय. मग फोन बंद पडला."

क्रोकमीरमध्ये सहा घरं. त्यातली पाच सुट्टीत येणाऱ्यांची, मे महिन्यात कुलूपबंद. सहाव्यात हिल्डुर एकटी राहायची. वय चौऱ्याऐंशी. तोरन्यीची आई, आणि म्हणून एके काळची मारितची सासू. तिने मारितला कधी पसंत केलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "ट्रक चालवणारी बाई बरी. निदान निघून जाताना दुसऱ्याची गाडी मागणार नाही." हे खरं ठरल्यावर तर ती गावभर सांगत सुटली होती.

इंग्वेने हेलिकॉप्टर मागितलं. ते खाली किनाऱ्याकडे दुसऱ्या पुरात अडकलं होतं. दुपारनंतर बघू म्हणाले.

"दुपारनंतर?" मारित ट्रकमधून उतरली. "इंग्वे, पट्ट्यांची गाडी आहे ना. वीस मिनिटांत पोचेन मी."

"तू वाळू आण."

"वाळू ओर्यानही आणेल. त्याच्याकडे जड वाहनाचा परवाना आहे."

"ओर्यान पंपावर आहे."

"पंप एका जागी उभा आहे, इंग्वे. त्याला परवाना लागत नाही."

दोघंतिघं हसले. इंग्वेच्या मानेवर लाली चढली. "होमगार्डाची गरज मला अजून वाटलेली नाही," तो म्हणाला. "बचावप्रमुख मी आहे. कुणाला बोलवायचं ते मी ठरवतो."

हे मात्र नियमाने बरोबर होतं. पूर, आग, हरवलेला माणूस, असं काही असलं की तिथे हुकूम गावच्या बचावप्रमुखाचा. होमगार्डाने आपण होऊन गाडी बाहेर काढायची नाही. बचावप्रमुखाने विनंती करायची, ती विभागाच्या ठाण्यावर जायची, तिथला अधिकारी होकार देणार, आणि मग तुकडी हलणार. एका फोनचं काम. पण तो फोन म्हणजे तोरन्यीकडे काहीतरी मागणं, आणि ते इंग्वेच्या जिभेवर येत नव्हतं.

मारितने बाजूला जाऊन तोरन्यीला फोन लावला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला.

"कुठे आहेस?"

"शेडमध्ये. गणवेशात. गाडीचं इंजिन गरम करून ठेवलंय." तो मोजून बोलत होता, वर्गात बोलावं तसा. "मी आहे, गुन-ब्रिट आहे, आणि दोन पेन्शनर आहेत. माझी बाकीची तुकडी तुझा भाऊ पंपघरावर वापरतोय."

"क्रोकमीरचं कळलं का?"

"कळलं."

"तुझी आई आहे ती, तोरन्यी."

"ती कोणाची आई आहे ते मला माहीत आहे. विनंती आलेली नाही."

"मग त्याला फोन कर आणि सांग, विनंती कर म्हणून!"

"मी का करू? मागायचं त्याने आहे." मग तो म्हणाला, "मी हुकमाशिवाय सैन्याची गाडी काढली, तर उद्या पहिली तक्रार कोण करेल सांग. मला तुकडीतूनही काढायला बसलाय तो. शिकारीतून काढलं तेवढं पुरे झालं."

"म्हणजे ती बुडाली तरी तू बसून राहणार."

"मी नियमाप्रमाणे तयार बसलोय," तोरन्यी म्हणाला. मागून गुन-ब्रिटचा आवाज आला, "तयार कसला, पुतळा झालाय इथे!" आणि फोन बंद झाला.

मारित परत येईपर्यंत रस्त्यावरचं पाणी आणखी चढलं होतं. तिने इंग्वेला गाठलं, आणि आवाज खाली ठेवण्याचा तिने प्रयत्नही केला नाही.

"ते तयार आहेत. गाडी गरम आहे. फक्त तुझ्या विनंतीसाठी अडलंय."

"तू त्याला फोन केलास?" इंग्वे म्हणाला. "माझ्या हुकमाखाली काम करत असताना तू त्या माणसाला फोन केलास?"

"तुझ्या हुकमाखाली एक म्हातारी पाण्यात बसलीय."

"मला शिकवू नकोस. हेलिकॉप्टर येतंय."

"दुपारनंतर. तुला काय वाटतं, कंबर मोडलेली बाई दुपारपर्यंत स्वयंपाकघरात पोहत बसेल?"

"सासूची फार दया यायला लागली अचानक? इतकी वर्षं तिने तुला पायपुसणं केलं तेव्हा माझ्याकडे येऊन रडायचीस. तेव्हा तुझ्या बाजूने कोण उभं राहिलं? आणि आज तू त्याच्या बाजूने येऊन उभी राहतेस. गद्दार आहेस तू."

तेव्हाच तिने हेल्मेट काढून पायरीवर ठेवलं.

पोती उचलणारे हात थांबले. ओर्यान पंपाजवळून बघत राहिला.

"मी कधीच रडले नाही तुझ्याकडे," मारित म्हणाली. "तू रडलास. माझ्या घटस्फोटाचं तुलाच जास्त लागलं, कारण तुला भांडायला निमित्त मिळालं. आता ऐक. मी तुझी वाळू आणत नाही. मी चालले शेडकडे. तू विनंती केलीस तर मी तिथे होमगार्डाची चालक म्हणून जाईन आणि सगळं कायद्यात बसेल. नाही केलीस तर मी ती गाडी चोरून नेईन, आणि नंतर चौकशीत विचारतील तेव्हा तूच सांग, तुझ्या बहिणीला सैन्याची गाडी का चोरावी लागली."

"गेलीस तर परत यायचं नाही."

"ते तू मघाशीच ठरवलंस."

ती चालायला लागली. पाण्यातून चालताना माणूस ऐटीत जाऊ शकत नाही, बूट ओढत, अडखळतच जावं लागतं. पाठीमागे ओर्यानचा आवाज आला, जरा घाबरा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "इंग्वे, फोन कर ना रे." आणि त्याच्या मागून परिचारिका म्हणाली, "कर."

इंग्वेने फोन काढला. तो विभागाच्या ठाण्याशी बोलला तेव्हा तोंडातला प्रत्येक शब्द कडू औषधासारखा गिळत होता, असं ओर्यानने पुढे अनेकांना सांगितलं. तोरन्यीचं नाव त्याने घेतलं नाही. 'स्थानिक तुकडी' म्हणाला.

शेडमध्ये मारित पोचली तेव्हा हुकूम तिच्याआधी पोचला होता. तिने अग्निशमनाचा कोट उतरवला आणि हिरवा चढवला. गुन-ब्रिटने तिच्या हातात गरम कॉफीचा थर्मास आणि घोंगड्यांचा गठ्ठा कोंबला. "यातली कॉफी हिल्डुरला," ती म्हणाली. "तिच्या मुलाला नको. तो सकाळपासून बसून माझी अर्धी किटली प्यायलाय."

तोरन्यी पुढच्या डब्यात शेजारी येऊन बसला. कानावर हेडफोन चढवला, नकाशा मांडीवर पसरला. घरचा रस्ता, जिथे तो लहानाचा मोठा झाला, तिथे जायला नकाशा.

"ओढ्याच्या वरच्या अंगाने जा," तो म्हणाला.

"तिथे झाडं वाहून आलीत. खालून जाणार मी."

"चालक म्हणून तू माझं—"

"तोरन्यी, तू प्रमुख आहेस. कुठे जायचं ते सांगितलंस. कसं जायचं ते माझं काम. परवाना माझा आहे. नको असेल तर उतर आणि तू चालव."

त्याने नकाशा मिटला. तुटलेल्या रस्त्यापाशी तिने गाडी उतारावर सोडली, पट्टे गाळात रुतले, सुटले, आणि मग खालची जमीन गेली आणि गाडी तरंगायला लागली. प्रवाहाने तिला बाजूला ढकललं. मागचा डबा पाण्यात हेलकावे खात पुढच्याला खेचत होता. तोरन्यीने समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. मारितला आतून भीती वाटत होती, पण ती त्याला दिसू द्यायची नाही एवढा राग तिच्यात शिल्लक होता. पलीकडच्या काठाला पट्टे लागले, घसरले, पुन्हा लागले, आणि गाडी बर्चच्या झुडपांतून वर चढली.

हिल्डुरचं लाल घर अर्ध्या पायऱ्यांपर्यंत पाण्यात होतं. दार पाण्याच्या दाबाने उघडेना. मारितने कुऱ्हाडीच्या दांड्याने कोयंडा उचकटला. आत तरंगत्या चपला, बटाट्यांची टोपली, उलटी पडलेली खुर्ची. हिल्डुर स्वयंपाकघरातल्या लाकडी बाकावर, भिंतीला टेकून, पाय वर घेऊन बसली होती. अंगावर कोट, डोक्यावर लोकरीची टोपी. ओठ निळे पडले होते. कशी चढली होती देव जाणे.

तिने मारितकडे बघितलं. "तू?"

"मी."

"माझं दार तोडलंस."

"हो."

"दुसरं कुणी नव्हतं का गावात?"

"गाडी मलाच चालवता येते, हिल्डुर. तोंड आवर आणि ही कॉफी घे."

त्या गावात सगळे एकमेकांना अरे-तुरेच करायचे, सासू असो की मुख्याधिकारी. पण 'तोंड आवर' हिल्डुरला कुणी म्हटलं नव्हतं. ती काही बोलणार एवढ्यात मागून तोरन्यी आत आला. डोक्यावर हेल्मेट, छातीवर रेडिओ.

"आई," तो म्हणाला.

हिल्डुरने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या कोरड्या छातीकडे, कोरड्या बाह्यांकडे. "घंटा मी न्याहारीच्या वेळी वाजवली," ती म्हणाली. "तुला कधी कळलं?"

तोरन्यी छातीवरचा रेडिओ चाचपू लागला.

"मी विचारतेय, कधी कळलं?"

"सकाळीच. पण विनंती आली नव्हती, आई. त्याने करायला हवी होती. विनंती आल्याशिवाय मला निघता येत नाही. तसा नियम आहे."

"कुठे होतास?"

"शेडमध्ये."

"काय करत होतास?"

"तयार होतो."

बाहेर इंजिन घरघरत होतं. मग तोरन्यी पुढे झाला आणि तिच्या काखेत हात घालायला वाकला. तिने त्याचा हात मनगटाला धरून बाजूला केला. जोर फार नव्हता तिच्यात, पण तो मागे सरला.

"हा नको," ती मारितला म्हणाली. "तू उचल."

"दोघांनी उचललं तर कंबरेला कमी लागेल," मारित म्हणाली.

"लागू दे. हा हात लावणार नाही मला."

मारितने तिला घोंगडीत गुंडाळलं आणि एकटीने उचललं. ओंडक्यांच्या साखळ्या आवळून तिचे दंड तयार झाले होते, आणि म्हातारी हलकीच होती. तरी दारातून जाताना हिल्डुर वेदनेने ओरडली, मारितच्या मानेत नखं रुतवली. "तू मला कधी आवडली नाहीस," ती दात आवळून म्हणाली. "आजही नाही आवडत."

"मला माहीत आहे. पाय आत घे."

तोरन्यी मागून बटाट्यांची टोपली घेऊन आला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. परतीच्या वाटेवर तो मागच्या डब्यात बसला, आई पुढच्या डब्यात आडवी. रेडिओवर त्याने फक्त एवढंच कळवलं, की व्यक्ती सापडली, जिवंत आहे. 'माझी आई' असा शब्द त्याने त्या संभाषणात वापरला नाही.

हिल्डुर वाचली. खुब्याचं हाड मोडलं होतं, न्यूमोनियाही झाला, पण ती त्यातून उठली आणि वृद्धाश्रमातल्या खोलीत राहायला गेली. तोरन्यी दर रविवारी फुलं घेऊन जायचा. ती फुलं घ्यायची, फुलदाणीत ठेवायला सांगायची, आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. मारितला तिने कधी आभाराचा निरोप धाडला नाही. दार तोडल्याबद्दल मात्र दोनदा धाडला.

पंपघर वाचलं, गावचं पाणी शुद्ध राहिलं. त्याचं श्रेय इंग्वेला मिळालं आणि ते त्याचंच होतं. पण मग चौकशी लागली. इंग्वेने लिहून दिलं की होमगार्डाच्या तुकडीप्रमुखाने संपर्क साधला नाही. तोरन्यीने लिहून दिलं की बचावप्रमुखाने जाणूनबुजून विनंती लांबवली. दोघांचंही खरं होतं. जिल्ह्याहून एक बाई आली, शांत, चष्मेवाली. तिने सगळ्यांना शाळेच्या जेवणघरात बसवलं, दोघांचं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आणि मधल्या काळात तुम्हा दोघांपैकी कुणी त्या बाईला साधा फोन तरी करून पाहिला का?"

होमगार्डात एक रीत आहे. तुकडीतल्या माणसांची स्वतःची सभा असते, आणि तिथे प्रमुखालाही जाब विचारता येतो. जूनमध्ये सभा झाली. कुणी आवाज चढवला नाही. गुन-ब्रिटने फक्त विचारलं, "तोरन्यी, उद्या माझी घंटा वाजली तर तू किती कॉफी पिशील?" तोरन्यी उभा राहिला, बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर गेला. पुन्हा आला नाही.

वरून आदेश आला की एका माणसाला एकच जागा, सगळ्यांनी निवडा. ओर्यान आणि परिचारिका अग्निशमनात राहिले, दुकानदार होमगार्डात. मारितने पट्ट्यांची गाडी निवडली. तिचा अग्निशमनाचा कोट, बूट आणि पेजर परत द्यायला ती केंद्रात गेली तेव्हा इंग्वे गाडी धूत होता.

"कुठे ठेवू?"

"कुठेही."

"इंग्वे, मला दुसरं काही करता आलं नसतं."

"तू माझ्या माणसांसमोर मला खाली पाडलंस," तो पाण्याची नळी न थांबवता म्हणाला. "ती म्हातारी हेलिकॉप्टरने आली असती."

"आली असती. मेलेली."

त्याने नळीचं तोंड तिच्या पायांच्या दिशेने वळवलं. थोडंच. तिच्या बुटांवर पाणी उडालं. मारित कोट जमिनीवर टाकून निघून गेली. त्यानंतर सप्टेंबरात शिकारीच्या टोळीच्या सकाळच्या बैठकीत मारितची जागा दुसऱ्याला दिल्याचं तिला पेट्रोलपंपावर कळलं, आणि नाताळला त्याच्या बायकोने बोलावलं नाही.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात वादळाने जंगल आडवं केलं. विजेच्या तारा तुटल्या, रस्त्यांवर झाडं पडली. दुपारी मारितच्या स्वयंपाकघरात फोन वाजला. विभागाच्या ठाण्यावरून हुकूम होता, आणि लगेच त्यामागून बचावप्रमुखाचा फोन, कारण आता नियमच तसा झाला होता की विनंती करणाऱ्याने थेट चालकाशी बोलायचं.

"हारसेले अग्निशमन," इंग्वेचा आवाज आला. जणू परक्या गावचा माणूस. "पट्ट्यांची गाडी हवी आहे. एक चालक. उत्तरेच्या रस्त्याला."

"मिळेल," मारित म्हणाली.

"किती वेळात?"

"अर्ध्या तासात."

"ठीक."

त्या दिवशी दोघांनी अंधार पडेपर्यंत एकाच रस्त्यावर काम केलं. तो करवतीने झाडं कापत पुढे, ती ओंडके ओढत मागे. काही सांगायचं झालं तर त्याने ओर्यानला पाठवलं, आणि ओर्यान दोघांच्या मधून दिवसभर ये-जा करत राहिला. "तो म्हणतो डावीकडचं आधी." "ती म्हणते साखळी ताणली जातेय, जरा थांब." संध्याकाळी गुन-ब्रिट वाटाण्याच्या सुपाची किटली घेऊन आली तेव्हा अग्निशमनवाले एका बाजूला बसले आणि होमगार्डवाले दुसऱ्या बाजूला. मारितने आपला वाडगा घेतला आणि गाडीत जाऊन, काचा वर करून खाल्ला.